‘ग्रोथ नाही’ म्हणून तिसरी नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलाच्या वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी कळव्याच्या एका कारखान्यात तीस वर्षे काढली. अप्रेंटिस म्हणून ते लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. त्यांचा मुलगा २६ वर्षांचा आहे. बी.एस्सी. आयटी झाल्यानंतर साडेतीन वर्षांत तो तिसऱ्या कंपनीत आहे आणि आता तीही सोडण्याच्या विचारात आहे. कारण विचारले तर ‘येथे ग्रोथ नाही’ एवढेच उत्तर मिळते. या पिढीला नोकरीचे गांभीर्य उरले नाही का आणि आईवडिलांनी यात किती बोलावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात नोकरीला सुरुवात केली, पुढे त्याच पट्ट्यातील आयटी आणि बॅक-ऑफिस कंपन्यांसाठी भरतीचे काम केले आणि आता ठाण्यात तरुणांना नोकरीविषयी सल्ला देते. या तिन्ही ठिकाणी जे पाहिले त्यावरून माझे मत असे आहे की, तुमच्या मुलाच्या पिढीचे गांभीर्य कमी झालेले नाही. नोकरी देणाऱ्याने आपल्या बाजूचा शब्द मागे घेतल्यानंतर नोकरी करणाऱ्याने जे करायला हवे, तेच ही मुले करीत आहेत. मात्र हा हिशेब मांडताना त्यांच्याकडून एक रक्कम हमखास राहून जाते आणि ती पगाराच्या चिठ्ठीवर कोठेही छापलेली नसते. ती कोणती, हे पुढे येईलच.

आधी तुमच्या काळाचा व्यवहार पाहू. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. त्यानंतर खाडीपलीकडचा कळव्यापासून बेलापूरपर्यंतचा पट्टा रसायने, औषधे, विजेची यंत्रे आणि इंजिनिअरिंगच्या कारखान्यांनी भरत गेला. त्या पट्ट्यात ‘पर्मनंट’ होणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या मुलाने ते कधी पाहिलेले नाही. दर तीन वर्षांनी युनियनचा करार होई आणि पगारवाढ त्यात ठरे. महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर चढे. कंपनीची बस, कॅन्टीन, दिवाळीचा बोनस आणि काही कारखान्यांत तर निवृत्त होणाऱ्याच्या मुलाला भरतीत प्राधान्यही मिळे. याच्या बदल्यात कामगार आपली उमेदीची सगळी वर्षे एकाच गेटच्या आत घालवी, बाहेर काय चालले आहे याची चौकशीही करीत नसे, आणि त्यात त्याचे काही बिघडत नसे.

हा व्यवहार मुलांनी मोडलेला नाही. नव्वदच्या दशकापासून कारखान्यांच्या सूचनाफलकांवर व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, नोटिसा लागू लागल्या, रिकाम्या झालेल्या जागा कंत्राटदारामार्फत भरल्या जाऊ लागल्या आणि एकाच मशीनवर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या पगारात दुपटीपेक्षा जास्त फरक पडू लागला. आमच्या खात्यात पर्मनंट कामगारांचे हजेरी रजिस्टर दरवर्षी पातळ होत गेले आणि कंत्राटी कामगारांच्या गेटपासांचा गठ्ठा जाड होत गेला. पुढे याच पट्ट्यात ऐरोलीचे माइंडस्पेस, महापेचा मिलेनियम बिझनेस पार्क आणि घणसोलीचे रिलायन्स कॉर्पोरेट पार्क उभे राहिले. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवर सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुणांची रीघ लागली. नोकऱ्यांची संख्या वाढली, हे मान्य केलेच पाहिजे. पण या नोकऱ्यांबरोबर तीस वर्षांचे आश्वासन कोणी दिले नाही, आणि मुलांनी ते मागितलेही नाही.

तुमच्या मुलाने आणखी एक गोष्ट घरातच पाहिली आहे आणि ती म्हणजे तुमचे पेन्शन. ईपीएस-९५ या पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेत सेवेची वर्षे आणि पेन्शनपात्र पगार यांच्या गुणाकाराला ७० ने भागतात; पगाराची कमाल मर्यादा २०१४ मध्ये १५,००० रुपये झाली, त्याआधी ती ६,५०० होती. म्हणजे १५,००० च्या मर्यादेवर ३५ वर्षे धरली, तरी महिन्याला ७,५०० रुपये होतात, आणि किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले. ज्या मुलाने एका कंपनीला वाहिलेल्या आयुष्याचा हा शेवटचा आकडा आईला किराणा-औषधांत बसवताना पाहिला, त्याला ‘एका जागी टिकून राहा, कंपनी तुझे बघेल’ असे सांगून पटणार नाही. तो उर्मट आहे म्हणून नव्हे. त्याने पुरावा पाहिला आहे.

आता त्याच्या बाजूचे कागद पाहू. या भागात साध्या पदवीधराला पहिली ऑफर बहुधा वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळते, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षे जवळपास तेथेच अडकून आहे. समजा सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला मुलावर करते तो एकूण खर्च, ३,६०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ३०,०००. त्यातून कंपनीच्या वाट्याचे पीएफचे १,८०० रुपये, ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२० रुपये, आरोग्य विम्याचे समजा ५०० रुपये आणि ‘व्हेरिएबल’ म्हणून वर्षाअखेरीस मिळाले तर मिळणारे ३,००० रुपये आधीच बाजूला निघतात. उरलेल्या २४,००० रुपयांतून मुलाच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा होतात. हातात येतात २२,०००. शेजाऱ्यांना आपण ‘तीस हजारांवर लागला’ असे सांगतो, आणि मुलगा एक तारखेला मोबाइलवर बावीस हजारांचा मेसेज वाचतो. त्यातही तो ऐरोलीत तुमच्या घरात राहतो म्हणून भागते.

पहिल्या वर्षाचे अप्रेझल होते तेव्हा माझ्या पाहण्यात सहा ते नऊ टक्के वाढ मिळते. आठ टक्के धरली तर हातात साधारण १,७५० रुपये जास्त. त्याच मुलाने कंपनी बदलली तर २५ ते ३० टक्के सहज मिळतात, म्हणजे साडेपाच ते साडेसहा हजार. आश्चर्य म्हणजे हे दोन्ही दर अनेकदा एकच कंपनी देत असते: आतल्या माणसाला आठ टक्के आणि त्याच्या जागी बाहेरून आणलेल्याला तीस. भरती करताना हे मी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले आहे. मग सोडून जाणाऱ्याला बेभरवशाचा म्हणण्याचा अधिकार कंपनीकडे कितपत उरतो? आणि मोठ्या नावाचीही हमी राहिलेली नाही. ठाण्यात ज्या टीसीएसमध्ये मुलगा लागला की पेढे वाटले जात, तिने जुलै २०२५ मध्ये आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचे जाहीर केले, आणि त्यात भर मधल्या व वरच्या फळीवर होता. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेली विशी-पंचविशीतली मुले स्वतःपेक्षा आपल्या टीम लीडच्या काळजीत होती. पंधरा वर्षे टिकून मिळवायचे ते हेच का, असा त्यांचा प्रश्न होता.

‘आजचे तरुण’ असा सरसकट शब्द मात्र मी वापरत नाही. हिरानंदानी इस्टेटमध्ये स्वतःच्या खोलीत बसून ‘मला सध्या ब्रेक हवा आहे’ असे म्हणणारा मुलगा आणि दिव्याहून महापेला रात्रपाळीला जाणारी मुलगी यांचे वय एक असले, तरी नोकरीकडे पाहण्याचे अंतर फार मोठे आहे. अशी एक मुलगी गेल्या वर्षी सल्ल्याला आली होती. दोन हजार रुपयांनी कमी पगाराची दिवसपाळी घ्यावी का, एवढाच तिचा प्रश्न होता. पण त्यासाठी तिने वहीच्या पानावर दोन उभे रकाने आखून आणले होते. एकात कंपनीच्या गाडीने पहाटे घरी सोडणे, झोप, भावाची फी; दुसऱ्यात लोकलचा पास, संध्याकाळचा दूरस्थ एम.कॉम.चा अभ्यास आणि, सर्वांत खाली, ‘घरचे लग्नाचे बोलणे थांबेल’. तिने दिवसपाळी घेतली. करिअरचा इतका स्वच्छ ताळेबंद मी मोठमोठ्या व्यवस्थापकांकडेही पाहिलेला नाही. नवी मुंबईच्या मूळ गावांतील आगरी-कोळी घरांतली मुले तिसऱ्याच ठिकाणाहून विचार करतात: नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमीन गेली, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड आला, आणि त्यामुळे पगारापेक्षा मजूर, वाहतूक किंवा देखभालीचे कंत्राट मिळवण्याकडे त्यांचा ओढा असतो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाल्यापासून हा ओढा वाढला आहे, आणि तेथील पुष्कळशा नोकऱ्या ग्राउंड हँडलिंग, कार्गो, सुरक्षा, सफाई अशा एजन्सींमार्फतच मिळत असल्याने तो अगदी चुकीचाही म्हणता येत नाही.

आता ती राहून जाणारी रक्कम. दोन बायोडेटा डोळ्यांसमोर आणा. दोघांचेही वय २७, दोघांनीही तीन कंपन्या बदललेल्या. पहिल्याने एका बँकेच्या पेमेंट यंत्रणेवर सपोर्टचे काम केले, तेथून तो पेमेंट सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगला गेला आणि तेथून एका पेमेंट कंपनीत व्यवहार का अडकतात याचे विश्लेषण करणाऱ्या गटात. दुसरा आधी कॉल सेंटरमध्ये होता, मग सहा महिन्यांचा कोर्स करून डिजिटल मार्केटिंगमध्ये, आणि आता टेस्टिंगमध्ये. कंपनी बदलताना वाढ दोघांनाही मिळाली, आणि दुसऱ्याची उडी कदाचित मोठीही असेल. पण भरती करणारा माणूस पहिल्याचा बायोडेटा वाचताना ‘याला पेमेंटमधले चार वर्षांचे कळते’ असे समासात लिहितो, आणि दुसऱ्याच्या बाबतीत शेवटच्या चौदा महिन्यांपुढे पेन नेत नाही. तिशीनंतर हा फरक उघडा पडतो. पहिल्याला लोक शोधत येतात. दुसऱ्याला प्रत्येक वेळी पंचविशीतल्या मुलांशी त्यांच्याच पगारावर स्पर्धा करावी लागते. कंपनी बदलली तर चालते, कामाचा धागा तुटला तर महागात पडते. नेमकी हीच गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही, कारण आईवडील कंपनीच्या नावाकडे पाहतात आणि मित्र टक्क्यांकडे.

गेल्या दोन-तीन वर्षांत या धाग्याची किंमत वाढली आहे. पूर्वी फ्रेशरला पहिली दोन वर्षे जी कामे देत, म्हणजे डेटा भरणे, ठरावीक चाचण्या पुन्हा पुन्हा चालवणे, पहिल्या पातळीवरच्या तक्रारींना साचेबंद उत्तरे देणे, ती आता एआयकडे सरकत आहेत. ज्याला एखाद्या व्यवसायाचे पोट माहीत आहे, विम्याचा दावा कोठे अडतो, मालाची कागदपत्रे न्हावा-शेव्याच्या बंदरात कशामुळे परत येतात, हे ज्याला कळते, त्याच्या हातात ते साधन बनते. ज्याला केवळ पडद्यावरची कळ दाबता येते, त्याची जागाच धोक्यात येते. येथे आणखी एक टिपण जोडते, कारण ऐरोलीत राहूनही ते अनेकांच्या लक्षात येत नाही: ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत आणि त्यांना सॉफ्टवेअरवाल्यांइतकीच गरज आहे ती वीजपुरवठा, डिझेल जनरेटर आणि वातानुकूलन चोवीस तास सांभाळणाऱ्या माणसांची. त्या जागा संख्येने फार नसतात. पण आयटीआय किंवा डिप्लोमा करून चार वर्षे हेच काम केलेला मुलगा, हातात साधी पदवी असलेल्या मुलापेक्षा तेथे बरा पगार घेतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मात्र आयटीआयचे नाव काढले की अजूनही चेहरे उतरतात.

सुशिक्षितांची बेकारी ही काही आपल्या कल्पनेतली भीती नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सर्वांचा बेकारीचा दर ३.२ टक्के होता, तर १५ ते २९ या वयोगटाचा १०.२ टक्के. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेकारी ३.४ टक्के आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के असल्याचे दाखवले आहे. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही आणि पदवीधराला मिळेल ते काम घेणे पटत नाही, असे दोन्ही त्यात आले. याचा तुमच्या मुलाशी संबंध एवढाच की, पुढची नोकरी हातात नसताना राजीनामा देण्याचे धाडस त्याने करू नये.

अनेक घरांत या टप्प्यावर ‘त्यापेक्षा एमपीएससी दे’ असा सल्ला पुढे येतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. आयोगाचे कार्यालय आता बेलापूरलाच आहे आणि ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून चालू आहे. त्यामुळे आपल्याकडे हा मार्ग जवळचा वाटतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक पद्धतीने होते, म्हणजे तयारीला लागणारा वेळ वाढला आहे. खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ असणे हा माझ्या मते आधारापेक्षा सापळा अधिक आहे, कारण ती मुलाला ‘अजून वर्षे आहेत’ असे सांगत राहते. ज्याला खरोखर प्रशासनात जायचे आहे त्याने जरूर जावे, दोन पूर्ण प्रयत्न द्यावेत आणि तिसरा देण्यापूर्वी थांबण्याची तारीख घरच्यांसमोर लिहून ठेवावी. पण खासगी नोकरीत मन रमत नाही म्हणून सरकारी परीक्षेकडे वळणारा मुलगा अभ्यासिकेतही रमत नाही, असाच माझा अनुभव आहे.

आता तुमच्या मुलाशी काय बोलावे याकडे येते. ‘ग्रोथ नाही’ या तक्रारीखाली तीन निरनिराळ्या तक्रारी असू शकतात: पगार वाढत नाही, काम तेच ते आहे, किंवा वरिष्ठाशी पटत नाही. तिन्हींवर उपाय वेगळा आहे. पगाराची तक्रार असेल तर बाहेर दोन ठिकाणी मुलाखती देऊन बाजारभाव कळतो. काम तेच ते असेल, तर त्याच कंपनीत दुसऱ्या प्रोजेक्टवर किंवा टीममध्ये जाण्याची अंतर्गत भरती असते, आणि बहुतेक मुले ती न विचारताच राजीनामा लिहितात. वरिष्ठाशी पटत नसेल तर मात्र लवकर निघालेले बरे. त्यात सहनशीलतेची परीक्षा पाहण्याचे कारण नाही. या तिन्हींपैकी नेमके काय आहे, हे त्याला विचारा, आणि विचारताना आपल्या तीस वर्षांचा दाखला मध्ये आणू नका. त्याऐवजी नवी नोकरी आधीच्या तीन कामांपैकी कोणत्या कामाला पुढे नेते, एवढे त्याला एका वाक्यात सांगता येते का ते पाहा. सांगता आले तर खुशाल सोडू द्या. ‘तीस टक्के देत आहेत’ याखेरीज उत्तर नसेल, तर या ठिकाणी आणखी वर्षभर थांबून एखादी गोष्ट पूर्ण शिकून निघावे, असे माझे मत त्याला माझ्या नावाने कळवायला हरकत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र तुम्ही आग्रह धरावा. रुजू होण्याची तारीख लिहिलेले ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको, कारण आयटीत नोटीस पिरियड पुष्कळदा ९० दिवसांचा असतो आणि तेवढ्या काळात तोंडी शब्द फिरतो. ऑफर कंपनीची स्वतःची आहे की ‘थर्ड पार्टी पेरोल’वरची, म्हणजे दुसऱ्याच एजन्सीच्या पगारपटावरची, हे पाहावे; ती मुदतीच्या करारावर असेल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, हे त्याला ठाऊक असावे. प्रत्येक जुन्या कंपनीचे रिलिव्हिंग लेटर घरातल्या फाइलीत हवे. आणि नोकरी बदलली की पीएफ काढून मोबाइल घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती तुमच्या घरात तरी नको: यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असल्याने रक्कम पुढच्या खात्यात वर्ग करता येते, सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढली तर तिच्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते ती अशा वेळी तुटते.

राहिला तुमच्या स्वतःच्या बाजूचा एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. २६-२७ व्या वर्षी मुलगा ‘सेटल’ व्हावा म्हणून घोडबंदर रस्त्याला फ्लॅट बुक करून देण्याची घाई आपल्याकडे फार होते, कारण लग्नाच्या बाजारात नोकरीच्या जोडीला घरही विचारतात. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४३,००० रुपयांच्या वर जातो. तो सुरू झाल्यावर शिकण्यासाठी थोडा कमी पगार घेणे, वाईट वरिष्ठापासून सुटणे किंवा तीन महिने थांबून योग्य जागा शोधणे, यांपैकी कोणतीच गोष्ट मुलाच्या हातात राहत नाही, आणि जी अस्थिरता तुम्हाला आज खुपते आहे तिच्या जागी नाइलाजाने टिकून राहणे येते. तुमच्याकडे ऐरोलीचे घर आहे. हे बुकिंग निदान दोन-तीन वर्षे पुढे ढकला.